पीएफ, पेन्शन, रोजगार: संसदेत नेमकं काय उत्तर दिलं ते शोधायचं कसं आणि आपला प्रश्न तिथपर्यंत पोचवायचा कसा

अधिवेशन सुरू झालं की आमच्या घरी एक फोन ठरलेला असतो. बाबांच्या रिटायर कामगारांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर "किमान पेन्शन साडेसात हजार झाली, संसदेत घोषणा" असा मेसेज येतो, बाबा चष्मा लावून दोनदा वाचतात आणि मला विचारतात, "अगं, हे खरंय का बघ जरा." दरवेळी मी बघते आणि दरवेळी सांगावं लागतं की बाबा, नाही झालेलं, खासदारांनी फक्त मागणी केलीय. आयुष्यभर मशीनवर उभ्या राहिलेल्या माणसाला हे चार-चारदा सांगताना जीव तुटतो. म्हणून मी हे सगळं कुठे बघायचं, कसं वाचायचं ते शिकून घेतलं, आणि आता ओळखीतल्या सगळ्यांना शिकवते. कठीण काहीच नाही, मोबाईल आणि अर्धा तास पुरतो.

सगळ्यात आधी एक फरक डोक्यात पक्का करा, निम्मा गोंधळ तिथेच संपतो. संसदेत खासदार बोलतो ती मागणी असते. मंत्री लेखी उत्तर देतो ती सरकारची भूमिका असते. आणि पैसा हातात पडतो तो अधिसूचना म्हणजे सरकारी आदेश निघाल्यावर. फिरणारी क्लिप ९९ टक्के वेळा पहिल्या प्रकारातली असते, खासदार पोटतिडकीने बोलतोय, बाक वाजतायत, आणि खाली कुणीतरी "मंजूर" असं लिहून टाकलेलं. शून्य प्रहरात (खासदार तातडीचे मुद्दे मांडतात ती वेळ) किंवा लोकसभेत नियम ३७७ खाली मुद्दा मांडला की मंत्र्याला तिथल्या तिथे उत्तर देणं बंधनकारक नसतं. त्यामुळे "शून्य प्रहरात मांडलं" असं वाचलं की समजायचं मागणी झाली, निर्णय नाही.

खरा माल असतो प्रश्नोत्तरांत. लोकसभेत सकाळी ११ ते १२ प्रश्नोत्तराचा तास असतो, राज्यसभेत दुपारी १२ ते १. प्रश्नांचे मुख्य प्रकार दोन. तारांकित म्हणजे मंत्री उभं राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात, लोकसभेत दिवसाला असे २० लागतात पण तासाभरात त्यातले मोजकेच होतात, उरलेल्यांची उत्तरं लेखीच मिळतात. अतारांकित म्हणजे थेट लेखी उत्तर, दिवसाला २३० पर्यंत. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६०. टीव्हीवर तारांकितच दिसतात, पण माझ्या अनुभवाने कामगाराच्या उपयोगाची माहिती अतारांकितात जास्त असते, कारण तिथे राज्यवार तक्ते जोडलेले असतात आणि ते कुणी बघतच नाही.

शोधायचं असं

संसद डॉट इन ही साईट उघडा, दोन्ही सभागृहांची एकच साईट आहे. लोकसभा निवडा, त्यात प्रश्नांचा विभाग आहे, तिथे मंत्रालयाने, खासदाराच्या नावाने, तारखेने किंवा शब्दाने शोधता येतं. पीएफ, पेन्शन, ईएसआय (कामगार विमा), कंत्राटी कामगार, बेरोजगारी हे सगळं श्रम व रोजगार मंत्रालयाकडे. रोजगार हमी ग्रामविकास मंत्रालयाकडे, आणि बचत गट म्हणजे उमेद वगैरे तेही ग्रामविकासकडेच. छोट्या बचत योजनांचे व्याजदर मात्र अर्थ मंत्रालयाकडे. चुकीच्या मंत्रालयात शोधलं की काहीच सापडत नाही आणि आपल्याला वाटतं कुणी विचारलंच नाही. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला वार ठरलेला असतो, लोकसभेत श्रम मंत्रालयाचा बऱ्याच अधिवेशनांत सोमवार राहिलाय, त्यामुळे सोमवारी संध्याकाळी बसलं की त्या दिवशीची सगळी उत्तरं एका जागी मिळतात.

उत्तरं पीडीएफमध्ये असतात, इंग्रजी आणि हिंदीत. हिंदीतली सरकारी भाषा जड असते पण आपल्याला जमते, "अंशदान" म्हणजे वर्गणी, "नियोक्ता" म्हणजे मालक, "अनुबंध" म्हणजे शेवटी जोडलेला तक्ता, "सभा पटल पर रखना" म्हणजे सभागृहासमोर ठेवणं. एवढे शब्द आले की गाडी चालते. आणि पीडीएफ पूर्ण खाली स्क्रोल करा, कारण महाराष्ट्राचा आकडा त्या अनुबंधातच असतो, पहिल्या पानावर फक्त प्रस्तावना असते.

आता हे सगळं का करायचं असं वाटत असेल तर २०१६ आठवा. त्या वर्षीच्या बजेटमध्ये पीएफ काढताना रकमेच्या ६० टक्के भागावर टॅक्स लावायचा प्रस्ताव होता. देशभर नोकरदार चिडले, संसदेत आणि बाहेर दोन्हीकडे आवाज उठला, आणि ८ मार्च २०१६ ला अर्थमंत्री अरुण जेटलींनी लोकसभेत उभं राहून तो प्रस्ताव मागे घेतला. पुढच्याच महिन्यात बेंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या बायका रस्त्यावर उतरल्या, कारण मालकाच्या वाट्याची पीएफ रक्कम ५८ वयापर्यंत काढता येणार नाही असा नियम आला होता, तोही सरकारला मागे घ्यावा लागला. म्हणजे आपल्या घामाच्या पैशाबद्दलचे नियम बदलतात, आणि वेळेवर कळलं तर ते थांबवताही येतात. पण वेळेवर कळायला पाहिजे ना.

आधी आपलं गणित, मग मंत्र्याचं उत्तर

उत्तर समजायला थोडं आपलं गणित माहीत हवं. तुमच्या पगारातून (बेसिक अधिक महागाई भत्ता) १२ टक्के कापले जातात, ते सगळे पीएफमध्ये जातात. मालकही १२ टक्के भरतो पण त्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, उरलेले ३.६७ तुमच्या पीएफमध्ये. पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १५,००० धरतात, म्हणजे पगार कितीही असला तरी पेन्शन फंडात बहुतेकांचे महिन्याला १,२५० रुपयेच जातात. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची आहे, त्याआधी ती ६,५०० होती. केंद्र सरकार स्वतःचे १.१६ टक्के घालतं. पेन्शन काढायचं सूत्र साधं आहे, शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. पगार १५,००० धरून १५ वर्षं नोकरी झाली तर महिन्याला ३,२१४ रुपये बसतात. बस्स, एवढेच. खूप जणांना वाटतं की पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दिसणारी रक्कम व्याजासकट वाढतेय, तसं नसतं, पेन्शन सूत्रानेच मिळते.

हे कळलं की मंत्र्याचं उत्तर लगेच उलगडतं. किमान पेन्शन १,००० रुपये आहे, तीही सप्टेंबर २०१४ पासून. ती वाढवा म्हणून दर अधिवेशनात प्रश्न येतो आणि उत्तर जवळजवळ त्याच शब्दांत येतं: मालकाचे ८.३३ आणि सरकारचे १.१६ टक्के यांतून हा फंड बनतो, मूल्यमापनात फंडात तूट आहे, किमान पेन्शनसाठी सरकार बजेटमधून मदत देतं. यात "वाढवणार" असा शब्द आहे का ते शोधा. नसेल तर काहीही वाढलेलं नाही, मेसेज काहीही म्हणो. आपल्या बुलढाण्यात पेन्शनर मंडळींनी साडेसात हजार आणि महागाई भत्त्यासाठी वर्षानुवर्षं साखळी उपोषण केलं, त्या म्हाताऱ्या माणसांच्या चिकाटीपुढे मी हात जोडते, आणि म्हणूनच त्यांच्या नावाने खोटे मेसेज फिरवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

व्याजदराचंही तसंच. पीएफचा दर आधी ईपीएफओचं, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं, केंद्रीय विश्वस्त मंडळ सुचवतं, त्याचे अध्यक्ष केंद्रीय श्रममंत्री असतात, मग अर्थ मंत्रालय मान्यता देतं आणि त्यानंतर खात्यात जमा होतं. २०२१-२२ चा दर ८.१ टक्के होता, चाळीसहून जास्त वर्षांतला सगळ्यात कमी, त्यावर संसदेत चांगलीच चर्चा झाली, नंतर २०२२-२३ ला ८.१५ आणि २०२३-२४, २०२४-२५ ला ८.२५. "शिफारस" आणि "मान्यता" यातला फरक बघा, बातमी पहिल्या दिवशी येते, पैसे बरेच नंतर.

उत्तरातली पळवाट कशी ओळखायची

हा भाग मी सगळ्यात जास्त आवर्जून सांगते.

खासदाराने (क), (ख), (ग), (घ), (ङ) असे पाच भाग विचारलेले असतात, आणि उत्तर येतं "(क) से (ङ)" असं एकत्र, तीन परिच्छेदात. असं दिसलं की कागद घ्या आणि पाचही भाग एकेक करून तपासा की कुठल्याचं उत्तर खरंच आलंय. बहुतेकदा योजनेची माहिती भरपूर असते आणि "किती मालकांवर कारवाई केली" हाच भाग गायब असतो. जो भाग गायब तोच पुढचा प्रश्न.

दुसरं, "अशी माहिती ठेवली जात नाही". १४ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत विचारलं होतं की लॉकडाऊनमध्ये गावी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा जीव गेला आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई दिली का. श्रम मंत्रालयाचं लेखी उत्तर होतं की असा डेटा ठेवलेला नाही, आणि म्हणून भरपाईचा प्रश्नच उद्भवत नाही. औरंगाबादजवळ करमाडला मे महिन्यात रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले होते, ते आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. ते उत्तर वाचून त्या रात्री मला झोप लागली नव्हती. पण त्यातून एक शिकले, आकडा विचारताना तो कुणाकडे असायला पाहिजे हेही प्रश्नातच लिहायचं.

तिसरं, "विचाराधीन आहे" किंवा "माहिती गोळा केली जात आहे आणि सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल". हे वाचून निराश होऊ नका, हे उलट कामाचं आहे. असे शब्द आश्वासन म्हणून धरले जातात, दोन्ही सभागृहांत त्यासाठी आश्वासन समिती असते आणि साधारण तीन महिन्यांत ते पूर्ण करायचं असतं. तारीख आणि प्रश्न क्रमांक वहीत लिहून ठेवा, तीन महिन्यांनी खासदाराला आठवण करून देता येते.

रोजगाराच्या आकड्यांवर तर दोन्ही बाजू खरं बोलून भांडतात. सरकार सांगतं बेरोजगारी २०१७-१८ ला ६.१ टक्के होती ती २०२३-२४ ला ३.२ वर आली. हा आकडा सरकारच्याच पीएलएफएस या रोजगार पाहणीचा, खोटा नाही. पण तो "सर्वसाधारण स्थिती" पद्धतीचा आहे, म्हणजे गेल्या वर्षभराचा हिशोब, त्यात घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी राबणारी बाईसुद्धा कामावर धरली जाते. त्याच २०२३-२४ साठी आठवड्याच्या हिशोबाने आकडा ४.९ येतो. म्हणून उत्तरात टक्केवारी दिसली की आधी बघा कुठली पद्धत, आणि मग बघा पगारी नोकरी किती, स्वयंरोजगार किती, बिनपगारी मदतनीस किती. आणि "पीएफमध्ये इतके लाख नवे सदस्य" हा आकडा म्हणजे तितक्या नव्या नोकऱ्या नाहीत. २० माणसं झाली की कारखान्याला पीएफ लागतो, विसावा माणूस आला की आधीचे १९ पण नवे म्हणून मोजले जातात. त्यांना पीएफ मिळाला ही चांगलीच गोष्ट, पण नोकरी जुनीच आहे.

बजेटच्या चर्चेत अंदाजपत्रक आणि सुधारित अंदाज असे दोन आकडे असतात. मनरेगाला, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमीला, २०२३-२४ च्या बजेटमध्ये ६०,००० कोटी होते, वर्षाच्या शेवटी सुधारित अंदाज ८६,००० झाला, आणि २०२४-२५ ला बजेटमध्ये ८६,००० ठेवले. एक म्हणेल २६,००० कोटी वाढवले, दुसरा म्हणेल एक रुपया वाढवला नाही. दोघांचे आकडे बरोबर आहेत, फक्त कशाशी तुलना केली ते वेगळं. मी स्वतः आधीच्या वर्षीच्या सुधारित आकड्याशीच तुलना करते, कारण काम मागणाऱ्याला प्रत्यक्ष किती पैसा लागतो ते तिथे दिसतं.

रोजगार हमीचा विषय निघालाच आहे तर, तुम्ही शहरात नोकरी करत असाल तरी तुमचा याच्याशी संबंध आहे. सॅलरी स्लिपवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये प्रोफेशनल टॅक्स कापला जातो ना, वर्षाचे २,५०० होतात, महाराष्ट्रात १९७५ चा तो टॅक्स रोजगार हमीला पैसा उभा करायलाच आला. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांसाठी वि. स. पाग्यांच्या कल्पनेतून ही योजना उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला आणि देशाने तोच धागा पकडून २००५ चा कायदा केला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्याच्या चर्चेत १०० ऐवजी १२५ दिवस हा आकडा सगळीकडे फिरला, पण विधेयक वाचताना पैशाचं कलम शोधा: मनरेगात अकुशल मजुरी पूर्ण केंद्र द्यायचं, नव्यात बहुतेक राज्यांना ४० टक्के स्वतः घालायचेत, आणि पेरणी-काढणीच्या दिवसांत मिळून ६० दिवस कामं बंद ठेवायची तरतूद आहे. मजुराच्या हातात किती पडेल ते या दोन ओळींवर ठरेल, म्हणून राज्याच्या बजेटकडेही लक्ष ठेवा.

आता आपला प्रश्न तिथे कसा पोचवायचा

आमच्या ओळखीत एक ताई आहेत, ठेकेदाराकडे हाऊसकीपिंगला होत्या, दोन वर्षं पगारातून पीएफ कापला आणि भरलाच नाही. असं झालं असेल तर आधी घरचं काम करा. यूएएनने (तुमच्या पीएफचा कायमचा नंबर) पासबुक बघा, मागच्या महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. ईपीएफओच्या साईटवर आस्थापना शोधायची सोय आहे, तिथे लॉगिन न करता मालकाने कुठल्या महिन्याचे किती पैसे भरले ते दिसतं, स्क्रीनशॉट काढून ठेवा. सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट जोडून ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका आणि नोंदणी नंबर जपा. कामगाराच्या पगारातून कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे, भीक मागितल्यासारखं बोलायचं काही कारण नाही. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात "निधी आपके निकट" शिबिर असतं, तिथे समोरासमोर बोलता येतं.

एकट्याची तक्रार संसदेच्या प्रश्नात बसत नाही, प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा लागतो. त्यासाठी खासदाराने मंत्र्याला पत्र लिहिणं हा मार्ग, तो जरूर वापरा. पण तुमच्यासारखे दोनशे जण असतील तर तो प्रश्न आहे. महाराष्ट्राचे ४८ लोकसभेत आणि १९ राज्यसभेत आहेत, आपल्याच मतदारसंघाचा पाहिजे असं नाही, त्या विषयावर आधी प्रश्न विचारलेला खासदार साईटवर शोधा आणि त्यांना लिहा, त्यांचे ईमेल सदस्याच्या पानावर असतात. नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी पाठवा, बजेट अधिवेशनासाठी डिसेंबरअखेर, पावसाळीसाठी जून, हिवाळीसाठी ऑक्टोबर. कुणाचा प्रश्न लागेल ते चिठ्ठ्यांनी ठरतं, त्यामुळे तीन-चार खासदारांना पाठवलेलं बरं.

प्रश्न छोटा ठेवायचा, मर्यादा १५० शब्दांची आहे. भाषण नको, भावना पत्रात लिहा, प्रश्नात नाही. मी असा कच्चा मसुदा करून देते:

श्रम व रोजगार मंत्री सांगतील काय:
(अ) गेल्या तीन वर्षांत महाराष्ट्रात कामगारांच्या पगारातून पीएफ कापून तो न भरल्याच्या किती तक्रारी आल्या, वर्षनिहाय व विभागीय कार्यालयनिहाय तपशील;
(ब) त्यापैकी कंत्राटदारांविरुद्धच्या किती;
(क) किती प्रकरणांत वसुली झाली व किती रक्कम कामगारांच्या खात्यात जमा झाली;
(ड) किती प्रकरणांत गुन्हे नोंदवले;
(इ) तक्रार निकाली काढण्याची कालमर्यादा काय व ती न पाळल्यास जबाबदारी कोणाची?

"जिल्हानिहाय" लिहू नका, पीएफची कार्यालयं विभागवार असतात, जिल्हा विचारला की माहिती नाही असं उत्तर येण्याची वाट आपणच करून देतो. "सरकार काय करत आहे" असंही विचारू नका, त्यावर दोन पानं योजनांची यादी येते.

आणि विषय राज्याचा असेल तर संसदेत वेळ घालवू नका. माथाडी मंडळ, बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ, बहुतेक किमान वेतनाचे दर हे राज्याकडे. त्यासाठी आमदाराला गाठा, विधिमंडळात तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लागते, तिथे सुनावणी जवळ असते आणि उत्तर मराठीत मिळतं.

उत्तर आलं की पीडीएफ डाऊनलोड करून प्रश्न क्रमांक आणि तारखेच्या नावाने सेव्ह करा. ग्रुपवर टाकताना क्लिप नको, ती पीडीएफ टाका आणि वर दोन ओळी मराठीत लिहा, काय मान्य केलं आणि काय टाळलं. ताईंच्या पीएफ कार्यालयाला पुढचं पत्र गेलं तेव्हा आम्ही त्यात अशाच एका उत्तराचा क्रमांक आणि तारीख घातली होती, साहेबांनी तो कागद वाचायला घेतला आणि पहिल्यांदा ताईंना बसायला खुर्ची दिली. तीन महिन्यांनी वसुलीची नोटीस निघाली. पैसे अजून पूर्ण आलेले नाहीत, पुढच्या अधिवेशनासाठी (क) भागाचा प्रश्न परत तयार करून ठेवलाय.